तापत्या अरबी समुद्रात मासेमारीचे जुने नियम पुरतील का?

रत्नागिरीच्या एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्यांच्या घरच्या दोन नौका आहेत. त्या म्हणतात: ‘समुद्र बदललाय हे आम्ही बघतोच आहोत. पण पावसाळी बंदी आहे, जाळ्याच्या आसावर, म्हणजे छिद्राच्या मापावर, बंधन आहे, परवाने आहेत. हे सगळं नीट पाळलं तर पुरे नाही का? हवामान बदलासाठी मासेमारीच्या व्यवस्थापनात आणखी वेगळं काय करायचं?’

नाही, पुरत नाही. हे सगळे नियम समुद्र आहे तसाच राहील असं गृहीत धरून बांधलेले आहेत. बंदीची तारीख, परवान्यांची संख्या, ‘लहान मासा’ कशाला म्हणायचं ते माप, राज्याच्या हद्दीची रेषा, या सगळ्यांमागे जुन्या समुद्राची मोजमापं आहेत. समुद्र बदलला की नियम कागदावर तसाच राहतो, त्याचा परिणाम मात्र बदलतो. त्याच दमात दुसरी गोष्ट सांगतो, कारण बंदरावरच्या बोलण्यात ती नेहमी सुटते. पाणी तापलं म्हणून जाळ्यावरचं बंधन निरुपयोगी होत नाही, ते जास्त कडक करावं लागतं. ‘मासा गरमीने गेला, आमच्या जाळ्याने नाही’ हे वाक्य मी हर्णैपासून मालवणपर्यंत ऐकत आलो आहे. त्यात अर्धं सत्य आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळे आपलं नुकसान होतं आहे.

तारलीचं, म्हणजे आपल्याकडच्या सार्डिनचं, उदाहरण घेतो, कारण पश्चिम किनाऱ्यावर याचा सगळ्यात बोलका पुरावा तिचाच आहे. तारली अल्पायुषी. वर्षभरात अंड्यावर येते आणि दोन-अडीच वर्षांत तिचं आयुष्य संपतं. पावसाळ्यात केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यालगत खालचं थंड, पोषक पाणी वर येतं, त्यावर सूक्ष्म वनस्पती फोफावतात, आणि त्याच सुमारास तारली अंडी घालते. पिल्लांना पहिल्या काही आठवड्यांत पोटभर मिळालं तर पुढचा हंगाम भरघोस जातो. नाही मिळालं तर जाळी रिकामी. म्हणजे तिचं सगळं नशीब वाऱ्याच्या जोरावर आणि पाणी वर येण्याच्या वेळेवर टांगलेलं आहे. 2012 साली एकट्या केरळात जवळपास 4 लाख टन तारली उतरली होती. 2021 साली उतरली सुमारे 3,300 टन. शंभरातला एक भागही उरला नाही. आणि 2023 मध्ये ती पुन्हा 1.38 लाख टनांपर्यंत चढली.

असे चढउतार तिला नवे नाहीत. 1940 च्या दशकात आणि पुन्हा 1994 मध्ये ती अशीच नाहीशी झाली होती. त्यामुळे ‘हा तिचा स्वभावच आहे’ असं म्हणणारे जुने तांडेल, म्हणजे नौकेचे प्रमुख, खोटं बोलत नाहीत. पण 2012 नंतर दोन गोष्टी एकावर एक आल्या. त्या विक्रमी वर्षानंतर अंड्यावरच्या तारलीवर आणि तिच्या पिल्लांवर बेसुमार मासेमारी झाली, आणि पाठोपाठ 2015 चा जोरदार एल निनो, म्हणजे प्रशांत महासागर तापण्याचा टप्पा, आला. पाणी गरम, खालचं थंड पाणी वर येणं कमजोर, पिल्लांना खाणं नाही. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या, म्हणजे आपण ज्याला सीएमएफआरआय म्हणतो तिच्या शास्त्रज्ञांनी ही दोन्ही कारणं एकत्रच मांडली आहेत. माझंही मत तेच आहे. वाईट वर्षं येणारच होती. ती आली तेव्हा समुद्रात किती अंड्यावरची तारली शिल्लक होती, हे मात्र आपल्या हातात होतं.

दरम्यान ती उत्तरेकडे सरकत होती. पूर्वी तिचा मुख्य मुक्काम 14 अंश उत्तर अक्षांशाच्या, म्हणजे साधारण भटकळच्या दक्षिणेला असायचा. पुढे गोवा आणि कोकणात ती चांगल्या प्रमाणात मिळू लागली, पूर्व किनाऱ्यावरही पसरली. बांगड्याचीही अशीच गोष्ट. तो गुजरात आणि बंगालपर्यंत पसरला, शिवाय खाली उतरला. 1985 ते 1989 या काळात तळाला ओढायच्या ट्रॉलमध्ये देशातल्या बांगड्यापैकी जेमतेम 2 टक्के येत होता. 2003 ते 2007 मध्ये हे प्रमाण सुमारे 15 टक्के झालं. यात जाळी उंच तोंडाची झाली हाही भाग आहे, पण पृष्ठभाग तापला की बांगडा खालच्या पाण्यात जातो हे कारण शास्त्रज्ञांना पटण्यासारखं वाटलं. आता परवान्याच्या दृष्टीने विचार करा. आपण परवाना माशाला देत नाही, जाळ्याला देतो. गिलनेटवाल्याचा, म्हणजे पाण्यात उभं जाळं टांगणाऱ्याचा, बांगडा खाली उतरला आणि ट्रॉलवाल्याच्या हाती लागला, तर कोणताही नियम न मोडता एका गटाचं उत्पन्न दुसऱ्याकडे गेलं. भांडण बंदरात होतं, पण त्याचं मूळ पाण्याच्या तापमानात असतं.

मासेमारीचं शास्त्र ज्यावर उभं आहे ती कल्पना साधी आहे. समुद्रातला साठा म्हणजे मुद्दल आणि दरवर्षी त्यात पडणारी भर म्हणजे व्याज. व्याजाएवढंच काढलं तर मुद्दल टिकतं. पुस्तकात याला कमाल शाश्वत उत्पन्न म्हणतात. परवाने किती द्यायचे, ट्रॉलर किती असावेत, याचा हिशोब या आकड्यावरून निघतो. आता समुद्र तापला की व्याजाचा दरच बदलतो. काही माशांचा वाढतो, बऱ्याच माशांचा घटतो, आणि तो कधी बदलला हे तीन-चार वर्षांनीच कळतं. तोवर आपण जुन्या दराने काढत राहतो.

सीएमएफआरआयने 2022 च्या माहितीवरून देशातले 135 साठे तपासले आणि त्यातले 91.1 टक्के सुस्थितीत असल्याचं सांगितलं. हा आकडा घेऊन बरेच जण मला विचारतात, मग काळजी कशाला? त्या अहवालामागचं काम प्रामाणिक आणि प्रचंड आहे. किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीची नमुना मोजणी ही संस्था कित्येक दशकं सातत्याने करते आहे, आणि जगात फार थोड्या देशांकडे इतकी लांब नोंद आहे. पण अशी गणितं उतरलेल्या मासळीच्या इतिहासावर चालतात. जो दर कालपर्यंत होता तोच उद्या असेल, हे त्यात दडलेलं असतं. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मेनच्या आखातात, नेमकं हेच अंगाशी आलं. 2004 ते 2013 या काळात ते पाणी जगातल्या 99 टक्के समुद्रापेक्षा जास्त वेगाने तापलं. कॉड माशाचा कोटा अधिकाऱ्यांनी पुन्हा पुन्हा कमी केला, आणि तरीही साठा सावरला नाही. गरम पाण्यात कॉडची पिल्लं कमी जगत होती आणि मोठे मासे जास्त मरत होते, पण कोट्याच्या गणितात तापमान नव्हतंच. मच्छीमारांनी कोटा पाळला आणि मासा तरीही गेला. सांगितलं ते पाळूनही हाती काही राहत नाही, तेव्हा लोकांचा सगळ्याच नियमांवरचा विश्वास उडतो. मला त्याची भीती जास्त वाटते.

आपल्याकडे कोटा नाही. आपला मुख्य नियम म्हणजे पावसाळी बंदी. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै, पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून, दोन्हीकडे 61 दिवस. पूर्वी महाराष्ट्रात ही बंदी 10 जूनला सुरू व्हायची आणि 15 ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, जे आधी येईल तोवर चालायची. मग सगळ्या देशात सारखेपणा आणायचा म्हणून तारखा बदलल्या. सारखेपणाचा फायदा आहे, शेजारच्या राज्याची नौका आपल्या बंदीत येऊन मासे नेत नाही. पण 1 ऑगस्टला समुद्र अजून खवळलेला असतो, आणि कोकणातले अनेक कोळी आजही नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात ते उगाच नाही.

यात मला एक गोष्ट फार खटकते. हवामान विभागाने 2020 साली मान्सूनच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या. मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख 29 सप्टेंबर होती, ती 8 ऑक्टोबर झाली. म्हणजे पावसाचं सरकारी कॅलेंडर बदललं, आणि त्या पावसावर बेतलेलं मासेमारीचं कॅलेंडर तसंच राहिलं. माशांचं स्वतःचं कॅलेंडरही सरकतं. चेन्नईजवळ राणी माशाच्या दोन जातींचा अभ्यास झाला, त्यात उन्हाळी महिन्यांत अंडी घालणं कमी होऊन ते तुलनेने थंड महिन्यांकडे सरकल्याचं दिसलं. पूर्व किनाऱ्याची बंदी मात्र भर उन्हाळ्यातच आहे. आपल्याकडे पापलेटच्या बाबतीत सातपाटीचे मच्छीमार वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की बंदी 15 मेपासून हवी, आणि 15 ऑगस्टपर्यंत चालायला हवी. ही मागणी मासे धरणाऱ्यांकडूनच आलेली आहे, हे लक्षात घ्या. ज्या पापलेटला 2023 मध्ये राज्यमासा म्हणून मान दिला, त्याच्यासाठी एवढं तपासून पाहायला हरकत नसावी.

आता वादळांकडे येतो. हवामान बदलाचा मासेमारीच्या व्यवस्थापनावर सगळ्यात थेट परिणाम वादळांमुळे होतो असं माझं मत आहे, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. अरबी समुद्र पूर्वी तुलनेने शांत मानला जायचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या अभ्यासानुसार, 1982 ते 2000 या काळाच्या तुलनेत 2001 ते 2019 मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं 52 टक्क्यांनी वाढली, आणि अतितीव्र वादळं 150 टक्क्यांनी. 2017 डिसेंबरमध्ये ओखी. 2019 मध्ये वायू, हिका, क्यार, महा आणि पवन, एकाच वर्षात. 3 जून 2020 ला निसर्ग थेट रायगड जिल्ह्यावर. मे 2021 मध्ये तौक्ते.

2019 चं वर्ष नीट पाहा. क्यार आणि महा आले ते ऑक्टोबरच्या शेवटी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. बंदीनंतरचे हे महिने म्हणजे आपल्या वर्षाच्या कमाईचा गाभा. इशारा आला की नौका परत, मग बंदरात नांगरून. त्या वर्षी महाराष्ट्राची मासळी 2.01 लाख टनांवर आली, 45 वर्षांतला नीचांक. आदल्या वर्षी ती 2.95 लाख टन होती. कागदावर याचा अर्थ असा निघेल की मासेमारीचा दाब कमी झाला, माशांना विश्रांती मिळाली. प्रत्यक्षात तसं होत नाही. नौकेवर कर्ज आहे, खलाशांना आगाऊ रक्कम दिलेली आहे, बर्फ आणि डिझेलची उधारी आहे. बुडालेले दिवस भरून काढायला उरलेल्या दिवसांत माणूस जास्त जोर लावतो. फेरी लांबते, आस बारीक होतो, रात्री दिवे लावले जातात. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर 2017 पासून बंदी घातली आहे, तरी ती का थांबत नाही याचं एक कारण इथे आहे. धाक कमी पडतो हे खरंच, पण कमी दिवसांत तेवढंच कमावण्याची गरजही खरी आहे. त्यामुळे वादळात बुडालेल्या दिवसांची भरपाई ही मला मदतकार्याची बाब वाटत नाही, ती मासेमारी व्यवस्थापनाची बाब वाटते. हवामान विभाग आणि इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारी केंद्राची संस्था, यांचे इशारे तारीखवार नोंदलेले असतात. ‘या जिल्ह्यात हंगामातले इतके दिवस इशाऱ्यामुळे नौका बंद’ एवढं मोजून त्या प्रमाणात लहान नौकांना आपोआप रक्कम मिळाली, तर पंचनामा लागणार नाही, अर्ज लागणार नाही. आणि मग बारीक आसाच्या जाळ्यावर कारवाई करणाऱ्या परवाना अधिकाऱ्याला नैतिक बळही येईल.

जे डोळ्यांना दिसत नाही, तेही यात आहे. अरबी समुद्रात मधल्या खोलीवर प्राणवायू अत्यंत कमी असलेल्या पाण्याचा जाड थर आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तो किनाऱ्याजवळच्या उथळ तळावर चढतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली दाखवून दिलं की आपल्या पश्चिम किनारपट्टीवर ही स्थिती तीव्र होत आहे. किनाऱ्यावरून येणारी खतं आणि सांडपाणी त्यात भर घालतं. वरचं पाणी तापून हलकं झालं की वरचं-खालचं पाणी मिसळत नाही आणि खाली प्राणवायू पोचत नाही. अशा वेळी मासा काय करतो? तो वर येतो, किनाऱ्याकडे सरकतो, उरलेल्या थोड्या चांगल्या पाण्यात दाटीवाटीने राहतो. आणि दाटीवाटीने राहिलेला मासा सहज सापडतो.

म्हणजे साठा संकटात असतानाच जाळं भरतं. मासळी जास्त उतरली की आपण म्हणतो, मासा वाढला. गणितही तेच म्हणतं, कारण ते ‘एका फेरीमागे किती’ यावर चालतं. त्यात इन्कॉइसच्या सूचनांची भर पडते. उपग्रहाने मोजलेलं पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य यावरून मासा कुठे मिळण्याची शक्यता आहे हे ते सांगतात. सेवा उत्तम आहे, डिझेल वाचतं, मी तिचा समर्थक आहे. पण मासा कमी असतानाही सापडत राहतो, आणि तो घटल्याचं फेरीच्या हिशोबात उशिरा उमटतं, हेही व्यवस्थापन करणाऱ्याने लक्षात ठेवायला हवं. तुमच्या नौकेला या वर्षी बांगडा चांगला मिळाला, तर तो किती वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाण्यात मिळाला, किनाऱ्यापासून किती आत मिळाला, हे त्या वजनाइतकंच महत्त्वाचं आहे.

हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्र हिरवा करणाऱ्या नॉक्टिल्यूका या सूक्ष्म जीवाबद्दलही लोक विचारतात. मूळ गोव्याचे शास्त्रज्ञ हेल्गा दो रोझारिओ गोम्स आणि जोकिम गोएस यांनी 2014 मध्ये त्याच्या वाढत्या फैलावाचा संबंध प्राणवायू घटलेल्या पाण्याशी जोडला. कारणांबद्दल शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. आपल्या कामापुरती गोष्ट एवढीच की तो खाणारे जीव मुख्यतः जेलीफिश आणि तत्सम प्राणी, आपल्या ताटातले मासे नव्हेत.

आता हद्दीचा प्रश्न. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत राज्याचा कायदा, आपल्याकडे तो 1981 चा, आणि त्यापुढे 200 सागरी मैलांपर्यंत केंद्राची हद्द. ही रेषा तारलीला माहीत नाही. केरळने 2015 मध्ये किमान कायदेशीर आकारमान ठरवलं, तारलीला 10 सेंटिमीटर, बांगड्याला 14. महाराष्ट्राने 54 जातींसाठी असे आकार लागू केले ते 2023 मध्ये. मधली आठ वर्षं तोच मासा एका राज्यात पिल्लू म्हणून वाचवायचा होता आणि दुसऱ्या राज्यात कुट्टीच्या, म्हणजे मासळीची भुकटी करणाऱ्या, कारखान्याला विकता येत होता. पर्ससीनचं, म्हणजे थव्याला वेढा घालून उचलणाऱ्या मोठ्या जाळ्याचंही, तसंच. आपल्याकडे 2016 च्या आदेशाने परवाने 182 पर्यंत खाली आणायचं आणि हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर इतकाच ठेवायचं ठरलं, पण शेजारच्या राज्यांचे नियम वेगळे. मासा उत्तरेकडे सरकत असताना त्याच्या मागोमाग नौकाही येतात. मालवण-देवगडच्या समुद्रात परराज्यातल्या हायस्पीड ट्रॉलरवरून दरवर्षी पेटणारं भांडण तुम्ही पाहताच.

हे भांडण श्रीमंत देशांनाही सोडवता आलेलं नाही. ईशान्य अटलांटिकमधला मॅकरेल, आपल्या बांगड्याचा लांबचा नातेवाईक, 2007 च्या सुमारास आइसलंडच्या पाण्यात मोठ्या संख्येने यायला लागला. आइसलंड म्हणालं, आमच्या समुद्रात आला म्हणजे आमचाही वाटा. युरोपीय संघ, नॉर्वे, फॅरो बेटं, नंतर वेगळा झालेला ब्रिटन, कोणाचंच एकमत होईना. प्रत्येकाने आपापला कोटा जाहीर केला आणि सगळ्यांची बेरीज शास्त्रज्ञांनी सांगितलेल्या मर्यादेच्या वर गेली. 2019 मध्ये त्या मासेमारीचं शाश्वततेचं प्रमाणपत्र निलंबित झालं. एवढी शास्त्रीय यंत्रणा आणि एवढा पैसा असूनही, मासा हलला तेव्हा वाटणीचा जुना करार उपयोगी पडला नाही. केरळ, कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र आणि गुजरात यांनी तारली आणि बांगड्यासाठी एकत्र बसायचं ते वाद विकोपाला जाण्याआधी. एक साठा, एक किमान आकार, एक बंदी, आणि मासा कुठे किती आहे त्यानुसार दर काही वर्षांनी बदलणारी वाटणी. माझ्या मते पश्चिम किनाऱ्यावर सध्या याइतकं तातडीचं दुसरं काम नाही.

मग नियम ‘बदलत्या समुद्राचे’ कसे करायचे? पेरूकडे पाहा. तिथला अँचोव्ही हा जगातल्या सगळ्यात मोठ्या मासेमारींपैकी एक, आणि एल निनोचा तडाखा त्याला सगळ्यात आधी बसतो. 1972 मध्ये जबर मासेमारी आणि एल निनो एकत्र आले आणि तो साठा कोसळला. आता तिथे हंगाम सुरू करण्यापूर्वी संशोधन नौका ध्वनिलहरींनी साठा मोजतात, आणि त्यावरून किती पकडायचं ते ठरतं. हंगाम सुरू असताना एखाद्या भागात 12 सेंटिमीटरपेक्षा लहान अँचोव्हीचं प्रमाण 10 टक्क्यांच्या वर गेलं तर तो भाग काही दिवस बंद करतात. 2023 मध्ये पिल्लांचं प्रमाण फार आढळल्याने वर्षाचा पहिला हंगामच रद्द केला. त्या निर्णयाने हजारो कुटुंबांची चूल अडचणीत आली, हे विसरून चालणार नाही. पण साठा पुढच्या वर्षासाठी राहिला.

कॅलिफोर्नियाच्या सार्डिनचा नियम मला आणखी शिकवणारा वाटतो. तिथे किती टक्के मासा पकडायचा हे ठरवणाऱ्या सूत्रातच समुद्राचं तापमान घातलेलं आहे. तो मासा थंड वर्षांत कमी पिल्लं देतो, म्हणून थंड वर्षी टक्केवारी कमी. शिवाय साठा 1,50,000 टनांच्या खाली गेला की मुख्य मासेमारी पूर्ण बंद. साठा घटला, आणि 2015 पासून ती बंद आहे. सूत्रात तापमान घातल्याने मासा वाचतोच असं नाही, हे त्यातून दिसलं. पण खालची मर्यादा आधी ठरलेली होती, त्यामुळे थांबायचं कधी यावर वाद घालण्यात वर्षं गेली नाहीत. आपल्या तारलीला अशी मर्यादा आजही नाही. 2021 सारखं वर्ष पुन्हा आलं तर कोणत्या आकड्याला कोणी काय करायचं, हे आजच, बरी वर्षं चालू असताना ठरवून ठेवलं पाहिजे. वाईट वर्षात बैठक घेतली तर तिथे फक्त ओरड होते.

कोकणात पेरूसारखी यंत्रणा लगेच उभी राहणार नाही, मान्य. इथे एका डोल जाळ्यात, म्हणजे प्रवाहात रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, दहा-पंधरा जातींचे मासे येतात, अँचोव्हीसारखा एकच मासा नसतो. पण सुरुवात लिलावाच्या जागेवर करता येते. पापलेटचं किमान आकारमान 135 मिलिमीटर आहे. सातपाटी, वसई, अर्नाळा, मुरूड या बंदरांत रोज थोडे नमुने मोजले आणि पिल्लांचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं, तर त्या पट्ट्यात डोल आणि ट्रॉल पंधरा दिवस थांबवायचे. तारीख कॅलेंडरवरून ठरणार नाही, टोपलीतल्या माशावरून ठरेल. यासाठी उपग्रह लागत नाही. सहकारी सोसायटी, मोजपट्टी आणि निर्णय घेण्याचे अधिकार असलेला जिल्हा पातळीवरचा अधिकारी लागतो. अडतं ते तिसऱ्यावर. सध्याच्या पद्धतीत तारीख बदलायची तर प्रस्ताव मंत्रालयात जातो, आणि तो परत येईपर्यंत पिल्लं बाजारात विकली गेलेली असतात.

किमान आकाराबद्दल एक धोक्याची सूचना द्यायला हवी. गरम पाण्यात अनेक मासे लहान आकारातच अंड्यावर येतात. मोठे मासे सतत पकडले गेले तरीही हेच होतं. उद्या कोणी म्हणेल, आता मासा लहानपणीच प्रौढ होतो, मग किमान आकार कमी करा. वरकरणी शास्त्रीय वाटणारी ही मागणी मी कधीच मान्य करणार नाही. लहान मादी अंडी घालते ती फार थोडी. मोठी मादी कित्येक पटीने जास्त घालते, आणि बऱ्याच जातींत तिची अंडी जास्त सुदृढ असतात. तापत्या समुद्रात प्रत्येक वर्षी पिल्लं जगतीलच असं नाही, म्हणून चार वाईट वर्षांतून एका चांगल्या वर्षापर्यंत पोचणाऱ्या मोठ्या माद्या पाण्यात असणं हाच साठ्याचा विमा आहे. आकार बदलायचाच असेल तर वरच्या बाजूला बदला.

आणि शेवटी नौकांची संख्या आणि इंजिनांची ताकद. हे बोललं की बैठकीत शांतता पसरते, तरी बोलतो. वर सांगितलेले सगळे नवे उपाय, तापमानाची सूत्रं, लवचिक तारखा, आंतरराज्य करार, तेव्हाच काम करतात जेव्हा समुद्रात थोडी गंगाजळी शिल्लक असते. जो साठा आधीच काठावर आहे त्याला एकच गरम वर्ष पुरतं. शिंगाळ्याचं काय झालं ते आठवा. त्याचा नर अंडी तोंडात धरून ती जपतो. 1980 च्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर पर्ससीनने असे अंडी धरलेले नर थव्याने उचलले, आणि तो मासा अनेक वर्षं सावरला नाही. तिथे हवामान बदलाचा काही हात नव्हता. आता तो हातही आहे. म्हणून नवीन यांत्रिक नौकांना परवानगी देताना, इंजिन वाढवायला अनुदान देताना, डिझेलचा परतावा वाटताना, हा पैसा समुद्रावरचा दाब वाढवतो की घटवतो, एवढा एक प्रश्न प्रत्येक फाईलवर विचारला जायला हवा.

ताई, तुमच्या दोन नौकांपुरतं काय करता येईल, असंही तुम्ही शेवटी विचारलं होतं. प्रत्येक फेरीची वही ठेवा. तारीख, किती वाव पाणी, बंदरापासून किती लांब, कोणता मासा किती, आणि त्यात अंड्यावरचे किती. नौकेवर साधा तापमापक ठेवलात तर पाण्याचं तापमानही लिहा. जेलीफिश जाळ्यात भरली, केंड, म्हणजे अंग फुगवणाऱ्या, माशांनी जाळं फाडलं, तळाच्या जाळ्यात मासे मेलेले आले, तर तेही. वादळाच्या इशाऱ्यामुळे बुडालेले दिवस वेगळ्या पानावर लिहा. त्या वहीची प्रत दर हंगामाला तुमच्या सोसायटीत द्या, आणि सोसायटीमार्फत मत्स्यव्यवसाय विभागाकडे व सीएमएफआरआयच्या मुंबई केंद्राकडे पाठवा. एका नौकेच्या वहीने फारसं काही सिद्ध होत नाही. पण एका बंदरातल्या पन्नास नौकांनी पाच वर्षं अशा वह्या ठेवल्या, तर बंदी 15 मेला हवी की 1 जूनला, हा वाद त्या बंदरापुरता तरी आकड्यांवर बोलता येईल. सध्या असे आकडे आपल्यापैकी कोणाच्याच हातात नाहीत.